कूस बदलताना

माझं माहेर वाईचं, नर्सिंग शिकले साताऱ्याला, आणि लग्न होऊन सांगलीत आले ती इथलीच होऊन गेले. पुष्कळ वर्षं वॉर्डात उभं राहून काम केलं. पुढे कंबर त्रास द्यायला लागली तेव्हा रुग्णालयानं मला शिकवायच्या कामावर घेतलं. नव्या सिस्टर रुजू झाल्या की त्यांना तयार करायचं, जुन्यांचे अधूनमधून वर्ग घ्यायचे. सलाईन, इंजेक्शन, केमोची औषधं हाताळणं, सगळं मी शिकवते. पण ज्या विषयानं मला सगळ्यात जास्त छळलं, तो ऐकायला अगदी साधा आहे. बेडसोर. एका जागी पडून पडून माणसाच्या अंगाला होणारी जखम.

कॅन्सरच्या वॉर्डात अशा जखमा वाढल्याचं मेट्रनबाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला बोलावून घेतलं.

"तिथल्या पोरींचा वर्ग घ्या," त्या म्हणाल्या. "यापुढे एकसुद्धा जखम नकोय मला."

मी वर्ग घेतला. चित्रं दाखवली. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. जिथं हाड कातडीच्या जवळ असतं तिथं दाब बसतो, रक्त पोचत नाही आणि आतलं मांस मरायला लागतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की आधी कातडी लाल होते. पण उन्हात रापलेल्या सावळ्या अंगावर तो लालपणा दिसत नाही, म्हणून मी सांगितलं, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, हात लावा. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते. कधी घट्ट लागते, कधी जास्त पिकलेल्या फळासारखी मऊ. आणि कॅन्सरच्या माणसाचं अंग तर आधीच हरलेलं असतं. तोंडाला चव नाही, पोटात अन्न नाही, मांस झडून गेलेलं, तापाच्या घामानं पाठ ओली. दुसऱ्या कुणाला जे दोन दिवसांत होतं, ते यांना एका दुपारीसुद्धा होऊ शकतं.

"दर दोन तासांनी कूस बदला," मी सांगितलं. "बाकी सगळं त्याच्यानंतर."

पहिल्याच ओळीत एक पलूसची मुलगी बसली होती. नोकरीला लागून तिला फार दिवस झाले नव्हते. लहानखुरी, गोल चेहऱ्याची, प्रश्न विचारताना आधी उभी राहणारी.

"मॅडम, दुपारी वॉर्डात आम्ही दोघीच असतो," ती म्हणाली. "एकजण केमोपाशी अडकते. दुसरीनं सलाईन बघायची, नवीन पेशंट घ्यायचा, डॉक्टरांबरोबर फिरायचं. एकटीनं कूस कशी बदलायची?"

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. मी सांगितलं की नातेवाइकांची मदत घ्या, मावशींना हाक मारा, सुरुवात सगळ्यात अशक्त पेशंटपासून करा. यात खोटं काही नव्हतं. पण तिचा प्रश्न त्यानं सुटत नव्हता, हे तिलाही कळलं आणि मलाही. तरी ती मान हलवून खाली बसली.

पुढचे काही दिवस मी वॉर्डात जाऊन बघत होते. सगळ्यात नीट काम तीच करत होती. चादरीवर सुरकुती राहू द्यायची नाही, टाचांखाली हात घालून बघायची, नातेवाइकांशी गोड बोलून त्यांना कामाला लावायची. मला तिचं कौतुक वाटायला लागलं होतं.

त्याच सुमाराला कवठे महांकाळच्या बाजूच्या एका वाडीवरून एक म्हातारी दाखल झाली. मेंढरं राखणारं घर. तिचा कॅन्सर स्तनातून पाठीच्या मण्यांत उतरला होता आणि पाय गेले होते. कंबरेच्या वर पाठीत इतकं दुखायचं की नुसत्या धक्क्यानं ती ओरडायची. आणि कंबरेखाली तिला काहीच कळत नव्हतं. चिमटा घेतला तरी कळायचा नाही.

तिच्याजवळ तिचा नवरा असायचा. उंच, वाळका, डोक्याला लाल पटका. मुलगा मेंढरांमागे आणि सून घरी लहान लेकरं घेऊन, म्हणून म्हातारा एकटाच कॉटशेजारी खाली पथारी टाकून राहायचा. तिला बोटानं पेज चाटवायचा, तिचे केस पाण्याचा हात लावून नीट करायचा. डॉक्टरांनी मणे तपासून सांगितलं होतं की हिला फिरवायला हरकत नाही, फक्त वाकू द्यायचं नाही. ओंडका फिरवतात तसं डोक्यापासून पायापर्यंत एकदम सरळ फिरवायचं. हवेच्या गादीचीही सोय झाली होती.

पलूसच्या त्या मुलीवर म्हातारीचा जीव जडला. बाकीच्यांना ती "शिष्टर" म्हणायची आणि हिला "लेकी". हीसुद्धा तिला "आजी, आजी" करत राहायची.

एका सकाळी मी वॉर्डात गेले आणि म्हातारीच्या कॉटपाशी थांबले. पातळ चादरीखाली ती उताणी पडली होती. वास आला. ज्यांनी हा वास एकदा घेतलाय त्यांना तो दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही. मी इन्चार्ज सिस्टरना हाक मारली. आम्ही दोघींनी आणि म्हाताऱ्यानं मिळून तिला एका अंगावर घेतलं. ती किंचाळली. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

माकडहाडावर जखम उघडी पडली होती. मधोमध काळपट, कडेनं पिवळी, आणि भोवतालची कातडी टणक झालेली. तिला त्या जखमेचं काही कळत नव्हतं. ती पाठीतल्या कळेनं रडत होती.

"आवं बाई, सोडा की वं तिला," म्हातारा मला म्हणाला. "हवेची गादी हाय की खाली. मग कशाला हलवताय? लय दुकतंय तिला."

"बाबा, गादीनं थोडी मदत होते. कूस बदलावीच लागते," मी म्हटलं.

"तुमास्नी काय, दोन घटका येऊन जाताय. आराडती ती ऐकत मी बसतू."

मी जखम धुऊन ड्रेसिंग केलं.

दुपारी पलूसची मुलगी ड्यूटीवर आली. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल वेळ मिळाला नाही, मदतीला कुणी नव्हतं. तसं म्हणाली असती तर ते खपूनही गेलं असतं. ती म्हणाली, "मॅडम, वेळ होता. मीच नाही फिरवलं."

"का?"

"त्यांनी हात जोडले." तिचं बोलणं एकदम घरचं झालं. "पहिलं दोन दिवस मी फिरवलं. लय आरडल्या. मग माझं हात धरून म्हणल्या, लेकी, मारायचं तर एकदाच मार, पर असं हलवू नगंस. मला शपथ घ्यायला लावली. मी म्हणलं, न्हाई हलवणार आजी. मग न्हाई हलवलं."

"आणि बाकीच्या पाळ्यांना?"

"त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, फार दुखतंय त्यांना, राहू दे. मग सगळ्यांनीच राहू दिलं."

ती रडत होती, पण काही झाकत नव्हती. मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण सकाळची ती किंकाळी माझ्या कानात होती. माझ्या वर्गात कातडी होती, हाडं होती, उशा होत्या. समोरचं माणूस हात जोडून नको म्हणालं तर काय करायचं, हे कुठल्याच चित्रात नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट मेट्रनबाईंकडे पोचली. त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं, मुलीला बाहेर थांबवलं आणि मला आत घेतलं.

"मेमो द्यावा लागेल," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तिनं स्वतःहून सांगितलंय," मी म्हटलं. "वेळ नव्हता म्हणाली असती तर तुम्ही तिला काही केलं नसतं. खरं बोलल्याबद्दल मेमो दिलात तर उद्या कुणी खरं सांगणार नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या दुष्ट बाई नाहीत. तरुणपणी त्यांनी स्वतः असल्या वॉर्डात आयुष्य काढलंय.

"तुमचं पटतंय मला," त्या म्हणाल्या. "पण पेशंटला जखम झाली, सिस्टरला माहीत होतं, आणि तिनं सगळ्या पाळ्यांना थांबवलं. वर मला विचारतील तेव्हा काय सांगू? तिला दया आली म्हणून?"

मेमो निघाला. मुलीनं तो वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि वॉर्डात परत गेली. जाताना मी तिला म्हटलं, "उद्या सकाळी लवकर ये. आपण दोघी मिळून बघू."

दुसऱ्या दिवशी आम्ही म्हातारीच्या औषधांचे तास बघत बसलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. दुखण्याचं औषध तिला ठरलेल्या घड्याळी वेळेला मिळत होतं, आणि कूस बदलायची पाळी बऱ्याचदा यायची ती त्या औषधाचा जोर ओसरल्यावर. औषध देणारी एक, कूस बदलणारी दुसरी. दोन्ही कामं आपापल्या जागी बरोबर चालली होती आणि मधे म्हातारी भरडून निघत होती.

मी कॅन्सरच्या डॉक्टरांना गाठलं. तरुण माणूस, कायम घाईत. म्हटलं, हिला फिरवायच्या आधी जास्तीचा छोटा डोस द्या.

"मॅडम, आधीच इतकं औषध चालू आहे," ते म्हणाले. "श्वास मंदावला तर?"

"आम्ही जवळ बसून श्वासावर लक्ष ठेवू. पण असंच फिरवायचं असेल तर तुम्ही एकदा समोर उभं राहून बघा."

ते आले. आम्ही तिला हात लावायच्या आधीच ती "नगं, नगं" करायला लागली. नुसती माणसं जवळ आलेली बघून. डॉक्टरांनी तिथंच डोस लिहून दिला.

औषध देऊन आम्ही थांबलो. तिच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या. मग मुलगी तिच्या कानाशी वाकली.

"आजी, मी शपथ मोडणार हाय," ती म्हणाली. "तुमच्या पाठीमागं मोठी जखम झालीया. तुमाला ती कळंना, पर ती वाढतीया. आज औषध देऊन हलवते. दुखलं तर थांब म्हणा, मी थांबंन."

म्हातारीनं डोळे उघडले. "जखम? मला कशी न्हाई कळली?"

"पायाकडचं कळतच न्हाई ना तुमाला."

म्हातारी नवऱ्याकडे बघायला लागली. त्यानं मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं आणि त्यानं तिला सांगितलं नव्हतं. मुलीकडे नजर वळवून ती म्हणाली, "हलव मग. पर हळू."

पूर्ण कुशीवर घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिच्या अंगाखालची आडवी चादर दोन्ही बाजूंनी गुंडाळून धरली, म्हाताऱ्याला पायांपाशी उभं केलं, आणि तिघांनी मिळून तिला जराशी तिरकी केली. पाठीमागं एक उशी, गुडघ्यांमध्ये एक, पोटऱ्यांखाली एक म्हणजे टाचा अधांतरी राहतील. मधेच ती "थांब" म्हणाली. आम्ही जसे होतो तसे थांबलो. माझी कंबर ठणकत होती. मग ती म्हणाली, "व्हय, घ्या." किंकाळी आली नाही. ती कण्हली, ओठ चावला, आणि झालं. घामानं डबडबली होती.

"दुकलं," ती मुलीला म्हणाली. "पर मारलं न्हाईस मला आज."

मुलगी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धूत राहिली.

त्या दिवसापासून दर वेळी तसंच करायचं ठरलं. सगळ्या पाळ्यांना मी स्वतः दाखवलं. कधी जमलं, कधी नाही. माणसं कमी होती ती कमीच राहिली. एखाद्या दुपारी औषध वेळेवर मिळायचं आणि फिरवायला हात नसायचे. कधी हात असायचे तर औषधाचा जोर उतरलेला. जखमेतलं मेलेलं मांस काढून टाकल्यावर ती अजून खोल दिसायला लागली. ती भरायला अंगात जे लागतं ते तिच्यात उरलंच नव्हतं. मला ते पहिल्यापासून माहीत होतं. मुलीला नव्हतं. ती रोज ड्रेसिंग उघडताना डोळे बारीक करून बघायची, कुठं गुलाबी मांस दिसतंय का.

एकदा तिनं विचारलं, "मॅडम, मी तेव्हा फिरवत राहिले असते तर ही झाली नसती ना?"

"कदाचित नसती झाली. कदाचित झालीही असती," मी म्हटलं. खरं उत्तर एवढंच होतं.

"आणि तेवढे दिवस त्या ओरडल्या असत्या."

"हो."

"मग बरोबर काय होतं?"

"औषध आधी आठवायला हवं होतं. तुलाही, मलाही, डॉक्टरांनाही," मी म्हटलं. तिचं समाधान झालं नाही.

काही दिवसांनी डॉक्टरांनी म्हाताऱ्याला सांगितलं की आता इथं ठेवून उपयोग नाही, घरी न्या. तो "बरं" म्हणाला आणि सुनेला बोलावून घेतलं. मुलीनं सुनेला आणि म्हाताऱ्याला सगळं करून दाखवलं. औषध कधी द्यायचं, किती थांबायचं, चादर कशी धरायची, ड्रेसिंग कसं बदलायचं. सुनेला आधी घाण वाटत होती, पदर नाकाला लावून उभी होती. मुलीनं तिला रागावलं नाही. तिचा हात धरून म्हातारीच्या टाचेखाली नेला आणि म्हणाली, "गार लागतीया न्हवं? अशीच राहिली पायजे. गरम लागली की समजायचं." सून मान डोलवत राहिली. पदर कधी खाली आला ते तिलाही कळलं नसावं.

महिनाभरानं मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली की तिला म्हातारीला बघून यायचंय, पण एकटीनं जायला नको वाटतंय. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं निघालो. कवठे महांकाळ ओलांडल्यावर माळ लागला. मधेमधे द्राक्षांच्या बागा, बेदाण्याची उंच शेडं, मग पुन्हा कुसळं आणि बाभळी. फाट्यावर म्हातारा उभा होता. तिथून त्याच्या पुतण्याच्या मोटारसायकलवर एकेकीला नेलं.

म्हातारीला पत्र्याच्या खोलीत दाराशी कॉट टाकून ठेवलं होतं. बाहेरचं अंगण तिला पडल्या पडल्या दिसायचं. ती इतकी बारीक झाली होती की कॉटवर कुणी आहे हे चटकन कळलंच नाही. मला तिनं ओळखलं नाही. मुलीला ओळखलं.

मुलीनं आधी हात धुतले आणि मग ड्रेसिंग उघडलं. जखम भरली नव्हती. पण स्वच्छ होती, वास नव्हता, आणि अंगावर दुसरी कुठं नवी जागा नव्हती. टाचा, खुबे, खांदे, सगळं तिनं हात लावून बघितलं. सून दारात उभी राहून परीक्षेला बसल्यासारखी बघत होती.

"छान ठेवलंय तुम्ही," मुलगी तिला म्हणाली. सून चहा टाकायला आत गेली.

म्हातारीनं मुलीचा हात धरला. बोलायला तिला दम लागत होता.

"तुला बोलणी बसली म्हणं. माज्यापायी."

वॉर्डातल्या कुणीतरी सांगितलं असणार. मुलगी म्हणाली, "न्हाई आजी. कुणी सांगितलं?"

"खोटं बोलू नगं." मग जरा थांबून म्हातारी म्हणाली, "म्याच म्हणलं हुतं हलवू नगं. त्यास्नी सांग की, म्याच म्हणलं हुतं."

"सांगते," मुलगी म्हणाली.

आम्ही चहा घेतला. त्यात घरच्या शेळीचं दूध होतं. निघताना म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला, काहीतरी बोलायचं होतं त्याला. शेवटी एवढंच म्हणाला, "बाई, त्या दिशी मी तुमास्नी वाकडं बोललू." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही खोटं नव्हता बोलला." परतीच्या एसटीत मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली.

त्यानंतर काही आठवड्यांनी म्हातारी गेली. म्हाताऱ्यानं मुलीला फोन करून सांगितलं. कशानं गेली, हे कुणी विचारलं नाही. कॅन्सरनं, हेच खरं असणार. जखमेचा त्यात वाटा किती, हे सांगता येत नाही, आणि ते मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

मुलीनं मेट्रनबाईंना जाऊन म्हातारीचा निरोप सांगितला. त्यांनी ऐकून घेतला. मेमो काही मागं घेतला नाही. पण त्यानंतर वॉर्डात एक बदल त्यांनी स्वतः करून घेतला: ज्या पेशंटला हलवताना दुखतं, त्याच्या दुखण्याच्या औषधाची आणि कूस बदलायची वेळ आता एकत्र ठरते. दुपारच्या पाळीला तिसरी सिस्टर मिळावी म्हणून त्यांनी वरही मागणी केली. ती अजून मिळालेली नाही.

मुलीनं कॅन्सरचा वॉर्ड सोडला. स्वतःहून बदली मागून घेतली. ती आता डोळ्यांच्या विभागात असते. तिथं माणसं सकाळी येतात, मोतीबिंदू काढून घेतात आणि दुसऱ्या दिवशी चालत घरी जातात. कधी कॅन्टीनमध्ये भेटते. अंगानं जरा भरलीय. हसते, घरचे बघत असलेल्या स्थळांच्या गप्पा सांगते. वॉर्डाचा विषय दोघीही काढत नाही. ती तिथं सुखात आहे याचा मला आनंद होतो, आणि त्या वॉर्डातून तिच्यासारखी बाई गेली याचं वाईटही वाटतं. दोन्ही एकाच वेळी होतं.

माझा वर्ग आता वेगळा चालतो. चित्रं नंतर येतात. आधी मी सगळ्यांना एकेक करून रुग्णालयाच्या कॉटवर, रबरी चादरीवर उताणं निजवते आणि सांगते, अजिबात हलायचं नाही. पोरी आधी हसतात. मग हळूहळू हसणं थांबतं, कुणी टाच सरकवते, कुणी कंबर. त्यानंतर मी दुखण्याबद्दल बोलते. मागच्या तुकडीत एका मुलीनं उठून विचारलं, "आणि पेशंट नकोच म्हणाला तर?"

मी नाव न घेता ही सगळी हकिकत तिला सांगितली. तिनं शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही नक्की माहीत नाही."

"नाही," मी म्हटलं. "पण औषध दे, विचार, थांब म्हणाला तर थांब, आणि थोड्या वेळानं त्याच्याकडे परत जा. परत जायचं तेवढं सोडू नकोस."

ती खाली बसली. पुढच्या मुलीची कॉटवर निजायची पाळी होती.